ट्युनाच्या एचएस कोडवर पुन्हा पुन्हा क्वेरी येतेय? घोडं कुठं पेंड खातंय ते असं शोधा

मी कोल्हापुरात निर्यातीचे कागद करून देतो. मूळची गिऱ्हाइकं शिरोली आणि गोकुळ शिरगावची, फौंड्रीवाली. त्यांच्या मागून गूळवाले आले आणि गेल्या काही वर्षांत मासेवाले. लोक विचारतात, कोल्हापुरात कुठला आलाय समुद्र? खरंय, मासा इथं येतच नाही. तो मालवण, देवगड, रत्नागिरीला उतरतो, बर्फात बसतो आणि थेट मुंबईला सहारच्या एअर कार्गोत जातो. पैसे घालणारा शेठ कोल्हापूरचा असतो म्हणून घाट चढून वर येतो तो नुसता कागद. आणि न बघितलेल्या माशाचा कागद करायचा म्हटल्यावर चूक ठरलेलीच.

ताज्या, अख्ख्या ट्युनाच्या एचएस कोडवर, म्हणजे कस्टम्सला मालाचा प्रकार सांगणाऱ्या आकड्यावर, अडलेला माल इतक्या वेळा सोडवलाय की आता फोनवरचं पहिलं वाक्य ऐकलं तरी अंदाज येतो. तेच तेच तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून एकदा लिहून ठेवतोय.

लक्षणं

- शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा कागद, बिनबोभाट दाखल होतं. माल कार्गोत पोचतो आणि मग क्वेरी पडते: माशाची जात सांगा, वर्गीकरणाचा खुलासा करा.
- सीएचएचा, म्हणजे कस्टम्स ब्रोकरचा, फोन येतो, "साहेब, सिस्टीम कोड घेतच नाही."
- माल तिकडं उतरतो, पण तिथला ब्रोकर म्हणतो, हेल्थ सर्टिफिकेटवर एक मासा आहे आणि इन्व्हॉइसवर दुसराच.
- दोन खेपा ज्या कोडवर निघाल्या, तोच कोड तिसऱ्या खेपेला अडतो.
- रोडटेपची, म्हणजे निर्यातीवर सरकारकडून परत मिळणाऱ्या करांची, रक्कम धरलेल्या हिशोबाशी जुळत नाही. हा दर आठ आकडी कोडवर ठरतो, त्यामुळं कोड सरकला की रक्कमही सरकते.
- ग्राहक भलताच लांबलचक कोड पाठवतो आणि हट्ट धरतो की हाच छापा.

लक्षणं सहा असली तरी मुळाशी बहुतेक वेळा एकच भानगड असते. साखळीत वर कुणीतरी "फ्रेश ट्युना" एवढंच लिहिलं आणि खालच्या सगळ्यांनी ते उतरवून काढलं. कस्टम्सच्या लेखी "ट्युना" हे अर्धं उत्तर आहे. माशाला तीन प्रश्न विचारायचे असतात: गोठलाय का, कापलाय कसा, आणि जात कुठली. याच क्रमानं, कारण टॅरिफ, म्हणजे या कोडांचं सरकारी पुस्तक, याच क्रमानं लिहिलंय. पहिल्या दोन उत्तरांनी चार आकडी शीर्षक ठरतं, तिसऱ्यानं पुढचे दोन आकडे. जातीवरून सुरुवात करणारा माणूस हमखास चुकतो.

आता तपासण्या. फुकट आणि दोन मिनिटांच्या आधी, खर्चाच्या शेवटी. माल बर्फात बसलेला असतो आणि बर्फ कुणासाठी थांबत नाही, म्हणून क्रम सोडू नका.

१. पुढचा शून्य जाग्यावर आहे का बघा

हसू नका. "सिस्टीम कोड घेत नाही" या तक्रारीत मी सगळ्यात आधी हेच बघतो.

माशांचा अध्याय तिसरा, म्हणून कोड शून्यानं सुरू होतो: ०३०२३२००. एक्सेलच्या साध्या रकान्यात हा टाकला की एक्सेल त्याला संख्या समजतं आणि पुढचा शून्य गिळतं. उरतात सात आकडे, ३०२३२००. आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसांना हा रोग माहीतच नसतो. कास्टिंग ७३ नं सुरू होतं, मशिनरीचे भाग ८४ नं, चप्पल ६४ नं, गूळ १७ नं. आयुष्यभर ज्या शीटवर कास्टिंगची बिलं केली त्याच शीटवर मासा चढवला की पहिल्याच दिवशी शून्य गायब.

याच्यापुढची गंमत म्हणजे, कुणीतरी हुशार पोरगा बघतो की आकडे सातच आहेत, आठ पाहिजेत, आणि शेवटी एक शून्य लावून देतो. झाला ३०२३२०००. तिसावा अध्याय औषधांचा आहे! आपलं सिस्टीम तो कोड नाकारतं ते बरंच, पण इन्व्हॉइस हातानं केलेलं असेल तर ते तसंच छापून दुबईला जातं आणि तिथला ब्रोकर डोकं धरून बसतो.

उपाय: रकान्याचा फॉरमॅट आधी टेक्स्ट करा, मगच कोड टाका. आधी टाकून मग फॉरमॅट बदलला तर गेलेला शून्य परत येत नाही.

२. सगळे कागद एका ओळीत मांडा

इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, हेल्थ सर्टिफिकेट, आणि माल युरोपला असेल तर कॅच सर्टिफिकेट. प्रिंट काढा, टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि प्रत्येकावर माशाचं नाव कसं लिहिलंय तेवढंच वाचा. पडद्यावर खिडक्या बदलत वाचू नका. मी स्वतः तसं करून एकदा फसलोय, डोळे जे अपेक्षित आहे तेच वाचतात.

एकावर "फ्रेश ट्युना", दुसऱ्यावर "यलोफिन", तिसऱ्यावर नुसतं शास्त्रीय नाव असं दिसलं की निम्मं काम झालं. जिथं शास्त्रीय नाव आहे तो कागद तात्पुरता खरा धरा आणि बाकीचे त्याच्याशी लावून बघा. तात्पुरता म्हणतोय, कारण तोही चुकलेला असू शकतो. ते पाचव्या तपासणीत येईल.

कॅच सर्टिफिकेट हे नाटक नाही. बेकायदा मासेमारीचा माल रोखायला युरोपीय संघानं १ जानेवारी २०१० पासून ते सक्तीचं केलंय आणि आपल्याकडं एमपीडा, म्हणजे सागरी उत्पादनं निर्यात विकास प्राधिकरण, ते प्रमाणित करतं. त्यावरचं माशाचं नाव बोटीच्या नोंदीतून येतं. इन्व्हॉइसवरचं नाव बदलणं हाताच्या मळासारखं सोपं, बोटीच्या नोंदीवरचं तसं नाही.

३. ताजा की गोठवलेला

०३०२ म्हणजे ताजा किंवा थंड केलेला मासा. ०३०३ म्हणजे गोठवलेला. यलोफिन दोन्हीकडं आहे, ताजा ०३०२.३२ आणि गोठवलेला ०३०३.४२. म्हणजे जात बरोबर असूनही कोड पार दुसरा.

घोळ होतो तो टेम्पलेटमुळं. प्रक्रिया कारखान्यातनं बारा महिने गोठवलेली कोळंबी जाते, त्यांच्या पॅकिंग लिस्टमध्ये "फ्रोझन" हा शब्द कायमचा बसलेला असतो. ट्युनाची एखादी खेप आली की बाकी सगळं बदलतात, तेवढा शब्द राहतो.

शब्दांचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. थंड केलेला म्हणजे तापमान साधारण शून्य अंशाच्या आसपास आणलेला, पण न गोठलेला मासा. गोठवलेला म्हणजे आरपार गोठलेला. बर्फात पॅक केला, प्रवासापुरतं मीठ मारलं किंवा खारं पाणी शिंपडलं, तरी तो ०३०२ मध्येच राहतो. टॅरिफच्या खुलासा टिपांमध्ये तर किंचित साखर लावलेल्या आणि तमालपत्राची दोनचार पानं घालून पॅक केलेल्या माशाचाही विचार केलाय, तोही ०३०२. आमच्याकडं अजून तमालपत्रवाला कुणी आलेला नाही. कोल्हापूरकर आला तर कांदा-लसूण मसाला घालूनच येईल आणि मग तो प्रश्न वेगळ्या अध्यायाचा.

खरा वाद होतो तो जास्त थंड केलेल्या मालावर. बर्फाच्या पातळ लगद्यात ठेवलेला मोठा ट्युना शून्याच्या खाली जातो, वरची कातडी कडक लागते, अधिकारी बोटानं दाबून बघतो आणि म्हणतो हा गोठलेला आहे. त्याला तोंडानं समजावत बसू नका. पॅक करतानाच सुईचा थर्मामीटर पाठीच्या जाड मांसात, मणक्याजवळ खुपसून आकडा दिसेल असा फोटो काढा. हे तीनशे-चारशे रुपयांचं यंत्र आहे आणि त्यानं वाचवलेली एक खेप त्याची किंमत शंभरदा वसूल करते.

४. अख्खा म्हणजे किती अख्खा?

इथं लोक उगाच घाबरतात. कल्ले काढले, पोट साफ केलं, डोकं उडवलं, तरी तो ०३०२ मधला मासाच आहे. हाडासकट आडवे तुकडे केले तरीही. धंद्यात ज्याला जीजी म्हणतात, म्हणजे कल्ले आणि पोट काढलेला, त्यासाठी वेगळा कोड शोधत बसू नका.

रेषा ओलांडली जाते ती मणका काढून मांस उभं सोडवलं की. लॉइन, फिले, हाड काढलेलं मांस हे सगळं ०३०४. कातडी ठेवली म्हणून तो परत अख्खा मासा होत नाही. आणि लॉइन वाफवून पाठवली तर अध्याय तीन सोडून सोळाव्यात, १६०४.१४ कडं जावं लागतं.

डोकी, शेपट्या, पर, गाबोळी वेगळी विकत असाल तर ती ट्युनाच्या कोडमध्ये ढकलू नका. गाबोळी आणि यकृत ०३०२.९१, डोकी-शेपट्या ०३०२.९९. एका शेठनं डोकी "वजनाला वजन" म्हणून त्याच ओळीत धरली होती. रक्कम किरकोळ होती, पण पेटी उघडून तपासताना बिलात नसलेली डोकी निघाली आणि सगळाच माल संशयात गेला.

५. जात

खरं दुखणं इथं आहे, म्हणून जरा बसून वाचा.

ट्युनाचा गट ०३०२.३ असा सुरू होतो. अल्बाकोर ०३०२.३१, यलोफिन ०३०२.३२, स्किपजॅक ०३०२.३३, बिगआय ०३०२.३४, अटलांटिक आणि पॅसिफिक ब्लूफिन ०३०२.३५, सदर्न ब्लूफिन ०३०२.३६, आणि बाकीचे ०३०२.३९. आता "बाकीचे" या शब्दावर सगळे पाय घसरून पडतात. बाकीचे म्हणजे ज्याला ज्याला बाजार ट्युना म्हणतो ते सगळे नव्हेत. या गटाच्या मथळ्यात स्पष्ट लिहिलंय: थुनस वंशातले ट्युना आणि स्किपजॅक. म्हणजे ०३०२.३९ मध्ये थुनस वंशातलेच उरलेले, दुसरं कुणी नाही.

आपल्या किनाऱ्यावर तर दुसरेच जास्त मिळतात. युथिनस अफिनिस, ज्याला इंग्रजीत लिटल ट्युना किंवा कावाकावा म्हणतात, त्याच्या नावात ट्युना आहे पण वंश थुनस नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. त्याची जागा बांगडा, सुरमई, तारली यांच्या गटात आहे, ०३०२.४९. तो नावानिशी त्या गटात आला २०१७ च्या आवृत्तीत. ऑक्सिस थझार्ड, म्हणजे फ्रिगेट ट्युना, आणखी लांब, ०३०२.८९. उलट थुनस टोंगोल, लांब शेपटीचा, खरोखर थुनस आहे, म्हणून तो ०३०२.३९.

मी हे आधी पुस्तकातनं पाठ केलं होतं आणि तरीही चुकत होतो, कारण कोकणातनं नाव यायचं "कुपा" किंवा "गेदर". ही नावं बंदरागणिक सरकतात. एका बंदरातला कुपा दुसरीकडं गेदर, आणि मोठा असला की दोन्हीकडं ट्युना. शेवटी एका गिऱ्हाइकाबरोबर फोंडा घाट उतरून मालवणला गेलो. पहाटेची वेळ, दांडीच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचे क्रेट, मासळी अजून चकचकीत निळी. दोन मासे शेजारी ठेवले होते, माझ्या डोळ्याला दोन्ही सारखेच. एका म्हाताऱ्या मावशीनं त्यातला एक शेपटीला धरून उताणा केला, छातीचा पर वर उचलला आणि खाली बोट टेकवलं. चांदीसारख्या कातडीवर तीन काळे ठिपके, कुणी पेनाची शाई सांडल्यासारखे. "ह्यो गेदर आसा, कुपो नाय," एवढंच म्हणाली आणि मला बाजूला सरकवून पुढचं क्रेट ओढलं.

तेच ठिपके कावाकावाची खूण आहेत. पाठीच्या मागच्या भागावर वाकड्यातिकड्या तुटक रेघा असतात त्या वेगळ्या. माझी फोटोवरची तपासणी आता अशी आहे:

पोटावर डोक्याकडून शेपटीकडं चार ते सहा आडव्या गडद पट्ट्या असल्या तर स्किपजॅक. छातीच्या पराखाली ठिपके आणि पाठीवर तुटक रेघा, तर कावाकावा. पाठीवरच्या दोन परांमध्ये मोठं अंतर असेल तर ऑक्सिस, कारण कावाकावाचे दोन्ही पर जवळजवळ चिकटलेले असतात. छातीचा पर तलवारीसारखा लांब, मागच्या परांच्याही पलीकडं जाणारा, तर अल्बाकोर. पाठीचा दुसरा पर आणि पोटाखालचा पर कोयत्यासारखे लांब आणि पिवळे, तर मोठा यलोफिन.

लहान यलोफिन आणि लहान बिगआय मात्र बाहेरून भल्याभल्यांना कळत नाहीत. त्यांची ओळख पोटात असते. बिगआयच्या यकृतावर खालच्या बाजूनं रेघारेघा असतात आणि मधला भाग मोठा असतो. यलोफिनचं यकृत गुळगुळीत, उजवा भाग लांब. अडचण अशी की माल जीजी करून येतो, म्हणजे ओळखीचा पुरावा बंदरावरच कावळ्यांनी खाल्लेला असतो. म्हणून सांगतो, मोठी बोट असेल तर पोट फाडताना एका माशाच्या यकृताचा फोटो घ्यायला लावा. फुकट आहे.

शास्त्रीय नाव मिळालं तरी एक सापळा उरतोच. जुन्या टॅरिफमध्ये स्किपजॅकचं नाव "युथिनस, कंसात कात्सुवोनस, पेलामिस" असं छापलेलं असायचं. आता ते नुसतं कात्सुवोनस पेलामिस आहे. पण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफ अजून जिवंत आहेत. कुणीतरी हेल्थ सर्टिफिकेटवर युथिनस अफिनिस वाचतो, पीडीएफमध्ये "युथिनस" शोधतो, पहिली ओळ सापडते ०३०२.३३ आणि गेदराचा स्किपजॅक होतो. "दोन खेपा गेल्या, तिसरी अडली" या तक्रारीत माझ्या हाती बहुतेकदा हेच लागलंय. पहिल्या दोन वेळेला कुणी पेटी उघडली नव्हती, एवढाच फरक.

म्हणून टॅरिफ नेहमी चालू आवृत्तीचंच उघडा. सध्या २०२२ ची आवृत्ती आहे आणि पुढची १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. त्या दिवशी भिंतीवरचा जुना तक्ता फाडून टाका.

६. ग्राहकानं पाठवलेला कोड

पहिले सहा आकडे जगभर एक. सातव्यापासून ज्याची त्याची मर्जी. आपला ताजा यलोफिन ०३०२३२००. युरोपीय संघात तोच मासा डबाबंद करायच्या कारखान्याला चाललाय की नाही यावरून ०३०२३२१० किंवा ०३०२३२९० होतो. आखातातला ग्राहक बारा आकडे पाठवतो. यातलं काहीही आपल्या शिपिंग बिलात चालत नाही.

एकदा एका शेठनं फोनवर चांगलंच सुनावलं, "दादा, गिऱ्हाईक म्हणतंय कोड चुकला, आणि तुम्ही म्हणताय बरोबर. एकानं तरी खरं बोला की!" दोघंही खरं बोलत होतो. पहिले सहा जुळले की भांडण नाही. शिपिंग बिलात आपले आठ, इन्व्हॉइसवर पहिले सहा, आणि ग्राहकाचे उरलेले आकडे त्याच्या ब्रोकरनं तिकडं लावायचे.

पहिले सहाच जुळत नसतील तर मात्र लगेच आपलंच खरं धरू नका. विचारा की त्यांनी हा कोड कशावरून घेतला. दोनदा ग्राहकच बरोबर निघाला, मी नव्हे. आणि ग्राहक "तिकडं ड्युटी कमी बसते म्हणून हा लिहा" म्हणाला तर तिथंच नाही म्हणा. ती चूक राहत नाही, खोटं होतं.

७. मिसळलेला माल

एका पेटीत यलोफिन आणि बिगआय, किंवा मोठ्या कुप्यांच्या खाली भरतीला गेदर. असं असेल तर बिलात दोन ओळी, पॅकिंग लिस्टवर पेटीनिहाय वजन. वजन माशाचं, बर्फाचं आणि जेल पॅकचं नाही. हे पेट्या भरतानाच करावं लागतं, सहारला पोचल्यावर शेकडो किलो माल पुन्हा निवडायला ना जागा असते ना वेळ. या तपासणीला पैसे लागतात, माणसं लागतात, म्हणून ती शेवटी ठेवली.

इथं हात थांबवा

माझ्यासारख्या कागद करणाऱ्याचं काम कुठं संपतं तेही सांगतो.

लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल निघायची कस्टम्सची परवानगी, मिळायच्या आधी चूक सापडली तर तुमचा कस्टम्स ब्रोकर दुरुस्तीचा अर्ज करतो. ते रोजचं काम आहे. एकदा माल निर्यात झाला की कस्टम्स कायदा १९६२ च्या कलम १४९ खाली दुरुस्ती मागता येते, पण निर्यातीच्या वेळी जो कागदोपत्री पुरावा अस्तित्वात होता त्याच्याच आधारावर. नंतर तयार केलेलं पत्र चालत नाही. थर्मामीटरचा, ठिपक्यांचा, यकृताचा फोटो त्याच दिवशी काढा असं जे वर बडबडलो ते याचसाठी. हा अर्ज स्वतः लिहू नका, परवानाधारक ब्रोकरकडून करून घ्या.

जात खरंच ओळखू येत नसेल, डोकं नाही, पोट नाही, कातडी सोललेली, तर अंदाजानं कोड टाकू नका. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, कोचीला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे. तिथं विचारा. गरज पडली तर डीएनए तपासणीपर्यंत जा. ती खेप थांबवा किंवा देशातच विका.

आधी गोठवलेला आणि मग बर्फातून सोडवलेला मासा "ताजा" म्हणून पाठवायचा बेत असेल तर फोन मला नको, वकिलाला करा.

तोच माल वर्षभर पाठवायचाय आणि कोडवर दरवेळी वाद होतोय, असं असेल तर मुंबईच्या कस्टम्स आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो. निर्णय मिळाला की तो ठरलेली काही वर्षं, किंवा कायदा वा परिस्थिती बदलेपर्यंत, तुम्हाला आणि कस्टम्सला दोघांना बांधील. वेळ आणि पैसे लागतात, एखाददुसऱ्या खेपेसाठी परवडत नाही. नियमित धंदा असेल तर जरूर करा, आणि अर्ज जाणकाराकडूनच लिहून घ्या, कारण त्यात माशाचं जे वर्णन द्याल त्याच्यावरच पुढची सगळी इमारत उभी राहते.

आणि समन्स आलं, माल जप्त झाला, किंवा अधिकाऱ्यानं जुन्या खेपांचे कागद मागितले, तर त्या क्षणी खुलासे लिहिणं बंद. "साहेबांना भेटून मिटवतो" म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाला तर दारातही उभं करू नका. चुकीच्या वर्णनाबद्दल दंड मुख्यतः निर्यातदाराच्या नावावर बसतो. म्हणून कस्टम्सचं काम करणारा वकील गाठा आणि तो येईपर्यंत सही करू नका.

मालवणच्या त्या गिऱ्हाइकाला एवढं समजावल्यापासून आता पहाटे साडेचारला फोन वाजतो. मासा उताणा, छातीचा पर दोन बोटांनी वर धरलेला, शेजारी थर्मामीटर. झोपेतच फोटो मोठा करून ठिपके मोजतो, "गेदर, ०३०२४९००, शून्य विसरू नका" एवढं टाइप करतो आणि कूस बदलतो. बायको म्हणते, कोल्हापुरात राहून घराला वास माशाचा कसा काय येतो.